छोट्या जहाजाने उत्तर युरोपचा किनारा: ओबान ते बर्गन

अबोली

उत्तर युरोपच्या क्रूझबद्दल इथे कुणी विचारलं की उत्तरं बहुतेक जहाजाबद्दल येतात. केबिन कशी, बाल्कनी आहे का, जेवण कसं. मला या धाग्यात किनाऱ्याबद्दल लिहायचं आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ओबान नावाचं बंदर आहे. तिथून हेब्रिडीज बेटं, सेंट किल्डा, ऑर्कनी, शेटलंड असं करत नॉर्वेतल्या बर्गनला पोचायचं, असा हा मार्ग. आम्ही दोघांनी गेल्या उन्हाळ्यात केला. जहाज लहान, शंभरेक प्रवाशांचं. सोबत पुरातत्त्वाचे आणि पक्ष्यांचे जाणकार, रोज संध्याकाळी त्यांचं व्याख्यान.

नकाशात स्कॉटलंड इकडे आणि नॉर्वे तिकडे दिसतो, मधे उत्तर समुद्र. त्या पाण्यावरून गेल्यावर मात्र पटतं की हजार वर्षांपूर्वी हा सगळा एकच मुलूख होता आणि समुद्र हा त्याचा हमरस्ता. रस्त्याने जाताना गावं ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने ही बेटं लागत जातात, आणि प्रत्येक बेट मागच्या बेटाची गोष्ट पुढे नेतं.

हेब्रिडीजमधल्या आयोना बेटाबद्दल थोडक्यात. ५६३ साली आयर्लंडहून कोलंबा नावाचा साधू इथे आला आणि त्याने मठ काढला. पुढे व्हायकिंगांच्या धाडी सुरू झाल्या, ८०६ च्या धाडीत ६८ भिक्षू मारले गेले. व्हायकिंग म्हटलं की आपल्याला एवढंच माहीत असतं. पण त्यांच्याच पुढच्या पिढ्या या बेटांवर शेती करून राहिल्या. लुईस बेटावर १८३१ साली वाळूत सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या बाराव्या शतकातल्या आहेत, बहुतेक वॉलरसच्या दातांत कोरलेल्या आणि बहुधा नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला घडवलेल्या. भारतातून इराणात, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात गेलेला आपला चतुरंग थेट या वाऱ्या-पावसाच्या बेटापर्यंत पोचला होता. त्यातली राणी गालावर हात ठेवून बसलेली आहे. मूळ सोंगट्या लंडन आणि एडिंबरा इथल्या संग्रहालयांत आहेत, बहुतेक लंडनला. ज्यांना जमेल त्यांनी जाण्याआधी बघून घ्याव्यात.

सेंट किल्डावर मात्र सविस्तर लिहायलाच हवं. हेब्रिडीजच्याही पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये साठ-पासष्ट किलोमीटर आत हा लहानसा द्वीपसमूह आहे. मुख्य बेटाचं नाव हिर्टा. इथे माणसं हजारो वर्षं राहिली आणि जगली मुख्यतः पक्ष्यांवर. उंच कड्यांवर पुरुष अनवाणी, दोराच्या आधाराने उतरायचे आणि गॅनेट, फल्मार, पफिन धरायचे. मांस खायला, तेल दिव्याला, पिसं जमीनदाराला खंड म्हणून. रोज सकाळी सगळे कर्ते पुरुष गावच्या वाटेवर जमून आज काय काम करायचं ते ठरवायचे. मुख्य भूमीशी संपर्क नाही, मग लाकडाचा तुकडा पोखरून त्यात चिठ्ठी ठेवायची, मेंढीचं फुगवलेलं मूत्राशय बांधायचं आणि वारा योग्य असेल तेव्हा समुद्रात सोडून द्यायचं. ही युक्ती १८७७ साली तिथे अडकून पडलेल्या एका पत्रकाराने पहिल्यांदा केली, आणि चिठ्ठी खरंच पोचली!

माणसं कमी होत गेली. तरुण बाहेर पडले, उरलेल्यांना नांगर ओढायला आणि होडी वल्हवायलाही हात पुरेनात. शेवटी त्यांनीच सरकारला अर्ज केला, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेले ३६ जण बेट सोडून गेले. जाताना घराघरात बायबल उघडं ठेवलं आणि शेजारी मूठभर ओट ठेवले, असं सांगतात. ती एका ओळीतली घरं आज उभी आहेत, काहींवर छप्पर नव्याने घातलं आहे. प्रत्येक चुलीपाशी पाटीचा एक तुकडा ठेवलेला आहे, त्यावर तिथे शेवटचं कोण राहत होतं त्याचं नाव आणि साल. मी त्या रांगेतल्या प्रत्येक घरात जाऊन ती नावं वाचली. डोंगरभर दगडी कोठ्या पसरल्या आहेत, हजाराच्या वर. वरून गवताचं छप्पर, भिंतींच्या फटींतून वारा आत खेळेल अशी रचना. पक्षी, अंडी, गवत, सगळं त्यात सुकवून ठेवायचे. मी एका कोठीत वाकून गेले तर बाहेर झोंबणारा वारा आत झुळकीइतका झाला होता, आणि जमीन पूर्ण कोरडी.

उतरण्याआधी जहाजावर प्रत्येकाचे बूट, पिशव्या, कॅमेऱ्याच्या खोळी तपासतात. एक बी किंवा एक उंदीर बेटावर गेला तर जमिनीत बिळं करून राहणाऱ्या पक्ष्यांचं काय होईल याची ती काळजी. मला ती मनापासून आवडली.

ऑर्कनी आणि पुढचं खाली लिहिते, फार लांबलं.

कोकणकडा

वाचनखूण साठवली. पुढचा भाग येऊ द्या लवकर. दोन शंका, ताई. व्हिसा कोणकोणते लागले? आणि बेटांवर उतरायला धक्का असतो की होडीतून उतरावं लागतं? आई सत्तरीची आहे, चालते व्यवस्थित, पण गुडघे दुखतात.

अबोली

व्हिसा दोन. ब्रिटनचा आणि शेंगेनचा. नॉर्वे युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, आणि आमच्या मार्गावर शेंगेनमधला तो एकच देश, त्यामुळे अर्ज नॉर्वेकडे केला. मार्गात फेरो बेटं असतील तर मात्र जपून. ती डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये नाहीत. त्यांच्यासाठी वैध असल्याचा वेगळा उल्लेख व्हिसावर लागतो. जहाज मधेच शेंगेनबाहेर जाऊन परत येत असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागायचा.

उतरण्याबद्दल. ऑर्कनीतलं कर्कवॉल, शेटलंडमधलं लर्विक आणि बर्गन इथे जहाज धक्क्याला लागतं, पायऱ्या उतरून चालायला लागायचं. हिर्टासारख्या ठिकाणी रबरी होडीतून जावं लागतं. जहाजाच्या बाजूच्या शिडीवरून होडीत पाय टाकताना खलाशी आपला हात हातात घेत नाही, मनगटाच्या वर धरतो आणि आपणही त्याला तसंच धरायचं. ओला पंजा सुटतो, मनगट सुटत नाही. लाट होडी वर आणते तेवढ्या क्षणी पाऊल टाकायचं, ते "आता" म्हणतात तेव्हाच. आईंना घरी खुर्चीवर चढ-उतार करायचा सराव द्या आणि कंपनीला आधीच विचारा की किती ठिकाणी होडी आहे.

आता ऑर्कनी. १८५० साली मोठं वादळ झालं आणि किनाऱ्यावरच्या टेकाडावरचं गवत उडून गेलं. खाली अख्खं गाव निघालं, स्कारा ब्रे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीचं. बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत म्हणून सगळं सामान दगडाचं, आणि म्हणूनच ते टिकलं. दारातून आत गेलं की समोर दगडी फडताळ, मधे चूल, दोन्ही बाजूंना दगडी चौकटींच्या खाटा. जमिनीत पाणी धरण्यासाठी सांधे मातीने लिंपलेल्या दगडी पेट्या, बहुधा मासेमारीचं आमिष जिवंत ठेवायला. आपण वरच्या वाटेवरून खाली घरात बघतो. मला तिथे "अवशेष" बघतोय असं वाटलंच नाही. घरची माणसं बाहेर गेली आहेत आणि आपण खिडकीतून डोकावतोय असं वाटलं.

जवळच मेझहाउ आहे. मातीचा हिरवा उंचवटा, आत दगडी थडगं. दहा मीटरचा बुटका बोगदा कमरेत वाकून पार करावा लागतो (कोकणकडा, आईंसाठी हे कठीण). हिवाळ्यात दिवस सर्वांत लहान असतो तेव्हा मावळतीचं ऊन त्या बोगद्यातून थेट मागच्या भिंतीवर पडतं. बाराव्या शतकात नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या वंशातले लोक छप्पर फोडून आत शिरले आणि भिंतींवर रून या त्यांच्या जुन्या लिपीत तीसेक मजकूर कोरून गेले. कुणी आपलं नाव कोरलंय, कुणी म्हटलंय की इंगिगेर्थ ही सर्वांत सुंदर बाई, कुणी गाडलेल्या खजिन्याची बढाई मारली आहे. विजेरीच्या तिरक्या उजेडात अक्षरं उठून दिसतात. एका वेळी आत मोजकीच माणसं घेतात आणि आधी नोंदणी लागते. मोठ्या जहाजातून एका सकाळी दोन-तीन हजार माणसं कर्कवॉलला उतरतात, त्यातली किती इथे येऊ शकणार? छोट्या जहाजाचा खरा फायदा मला इथे दिसला.

फ्योर्डकाठ

सुंदर लिहिताय. मी बरीच वर्षं स्टॅव्हँगरला आहे, म्हणून नॉर्वेच्या बाजूने भर घालतो.

मेझहाउतल्या त्या कोरीव मजकुरांची भावंडं बर्गनला आहेत. १९५५ साली तिथल्या ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरच्या लाकडी वखारींचा एक भाग जळाला. त्या जागी खोदकाम झालं आणि रून कोरलेल्या साडेसहाशेच्या वर वस्तू मिळाल्या, बऱ्याचशा लाकडाच्या कांड्या. मालाच्या गठ्ठ्याला बांधलेली नावाची चिठ्ठी, प्रार्थना, प्रेमाच्या ओळी. एकीवर लिहिलंय की ग्युदा तुला घरी यायला सांगते आहे. म्हणजे मद्यशाळेत बसलेल्या कुणाला तरी घरून आलेला निरोप असावा, असं मानतात. कोरीव दगडावरची लिपी राजांची असते ही आपली समजूत. इथे व्यापारी, मजूर, बायका सगळे लिहीत होते.

ब्रिगेन बघताना एक गोष्ट नक्की बघा. हान्सा व्यापारी संघाचे जर्मन लोक इथे साधारण १३६० पासून चारशे वर्षं वखार चालवत होते. आगीच्या भीतीने त्या लाकडी वखारींत चूल पेटवायला, शेकोटीला बंदी. हिवाळाभर तिथे काम करणारी पोरं गारठलेली. ऊब आणि गरम जेवण मिळायचं ते मागच्या बाजूला वेगळ्या बांधलेल्या सभागृहात. एवढं करूनही १७०२ मध्ये सगळं जळालं, आज दिसतं ते त्यानंतर जुन्याच पद्धतीने बांधलेलं. गल्लीत आत शिरा, पुढचे रंगीत दर्शनी भाग बघून परतू नका. आतल्या लाकडी गॅलऱ्या, माल ओढायच्या कप्प्या आणि डांबराचा वास तिथेच आहे.

आता एक महत्त्वाची माहिती, पुढच्या वर्षांचं आरक्षण करणाऱ्यांसाठी. गायरांगर आणि नेरॉय या जागतिक वारसा फ्योर्डांत (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) १ जानेवारी २०२६ पासून दहा हजार टनेजच्या आतल्या प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट लागली आहे. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत सवलत आहे. म्हणजे छोट्या जहाजांवर नियम आधी आला. माहितीपत्रकात गायरांगरचं चित्र असलं तरी जहाज प्रत्यक्ष आत जाणार का, की बाहेर थांबून बसने नेणार, हे लेखी विचारून घ्या.

पायवाट

धागा आवडला, पण माझं मत वेगळं आहे, ते मांडते. चार तास बेटावर, मग जहाजावर परत, ही संस्कृतीची ओळख म्हणायची का? ऑर्कनीला ॲबर्डीनहून बोट जाते, शेटलंडला रात्रभराची. आम्ही कर्कवॉलमध्ये खोली घेऊन राहिलो होतो. सेंट मॅग्नस कॅथेड्रलमध्ये संध्याकाळी कुणीच नव्हतं. ११३७ साली सुरू झालेलं, लाल आणि पिवळ्या वालुकाश्माचं ते बांधकाम आम्ही रोज वेगळ्या उजेडात पाहिलं. दुकानदार दुसऱ्या दिवशी ओळखून बोलायला लागला. लॅम्ब होमवरचं इटालियन चॅपल बघायला गेलो तेव्हा तिथे अर्धा दिवस घालवला. दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन कैद्यांनी अर्धगोल पत्र्याच्या दोन निसेन झोपड्या जोडून ते केलंय. आतल्या भिंतींवरच्या विटा आणि कोरीव दगड हे सगळं रंगवलेलं आहे, हात लावेपर्यंत पटत नाही. डोमेनिको किओकेट्टी या कैद्याने ते रंगवलं, बाकीचे कैदी गेल्यावर तो काम पुरं करायला थोडा मागे राहिला. क्रूझवाल्यांची बस आमच्यासमोर आली आणि वीस मिनिटांत गेली. खर्चही आमचा बराच कमी झाला.

अबोली

पायवाट, तुझं म्हणणं मला मान्य आहे. ऑर्कनी हे राहून बघायचं ठिकाण आहे यात शंका नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि बोटी-बस बदलायची ताकद आहे त्यांनी तसंच करावं. जहाज निवडणाऱ्यांनी निदान बंदरातले तास मोजावेत. आम्ही कंपनीकडून प्रत्येक बंदराचे येण्या-जाण्याचे तास मागवले आणि दुपारी चारच्या आत निघणारी जहाजं यादीतून काढून टाकली.

पण एक गोष्ट विमानाने किंवा बोटी बदलून साधत नाही. शेटलंडहून नॉर्वेला सध्या नियमित प्रवासी बोट नाही, आणि या सगळ्या इतिहासाचा सांधा नेमका त्या पट्ट्यात आहे. लर्विकहून एडिंबरापेक्षा बर्गन जवळ. ऑर्कनी आणि शेटलंड ही दोन्ही बेटं पंधराव्या शतकापर्यंत डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाची होती. मुलीचं लग्न स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सशी ठरलं, हुंड्याचे पैसे राजाकडे नव्हते, म्हणून १४६८ मध्ये ऑर्कनी आणि १४६९ मध्ये शेटलंड गहाण ठेवलं. ते गहाण सुटलं नाही.

आणि नातं तिथे संपलं नाही. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर नॉर्वेजियन मच्छीमार आपल्या लहान होड्या घेऊन याच पट्ट्यातून शेटलंडला ये-जा करत. हत्यारं आणि हेर न्यायचे, निर्वासित आणायचे, तेही हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात रात्र होतच नाही आणि लपायला अंधार नाही. त्याला "शेटलंड बस" म्हणत. पुष्कळ जण परत आले नाहीत. स्कॅलोवे गावात त्यांचं स्मारक आहे. ते दुपारी पाहून आम्ही रात्री तोच समुद्र ओलांडला. डेकवर बरेच जण जागे होते, मध्यरात्रीही वाचता येईल एवढा उजेड होता, आणि त्या माणसांना हा उजेड का नको होता ते मला तेव्हा कळलं.

वरसोलीकर

फ्योर्डकाठ, बर्गनच्या वखारीत माल कुठला असायचा? सुकी मासळी का?

फ्योर्डकाठ

हो, तीच. मुख्य माल उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांचा सुका कॉड. दर हिवाळ्यात, जानेवारी ते एप्रिल, बॅरेन्ट्स समुद्रातून कॉड अंडी घालायला लोफोटेनला येतो. तो साफ करून, दोन-दोन मासे शेपट्यांना बांधून, लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ अजिबात नाही. फेब्रुवारी ते मे तिथलं तापमान शून्याच्या आसपास असतं, त्यामुळे मासा गोठून फुटत नाही आणि सडतही नाही. लाकडासारखा कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. उत्तरेचे लोक तो बर्गनला आणायचे, बदल्यात जर्मन व्यापारी बाल्टिककडचं धान्य द्यायचे. आज सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटली. १४३२ साली पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून रॉस्त बेटावर लागला, तिथल्या मच्छीमारांनी त्याला वाचवलं, आणि इटलीतल्या या आवडीची सुरुवात तिथे सांगितली जाते. माशांची डोकी वेगळी सुकवतात, ती नायजेरियाला जातात.

वरसोलीकर

वाचून आनंद झाला. आमच्याकडे बोंबील असेच वलांडीवर वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दांडीवर टाकायची. आमचा सुकतो उन्हाने, त्यांचा थंडीने, पण वारा दोघांनाही लागतो. पाऊस पडला की आमचा माल गेला. त्यांच्याकडे पाऊस पडला तर?

फ्योर्डकाठ

मांडव उघडेच असतात, थोडा पाऊस चालतो. भीती असते ती ऊब लवकर येण्याची, कारण मग माश्या बसतात, आणि कडाक्याच्या थंडीची, कारण मग मांस फुटतं. तपासणारे लोक प्रत्येक मासा हातात घेऊन, वास घेऊन प्रत ठरवतात, अजूनही.

लोफोटेन या छोट्या जहाजांच्या मार्गात नसेल तर बर्गनहून नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या किर्केनेसला जाणारी रोजची किनारी बोट घ्या. १८९३ पासून चालू आहे. आता दोन कंपन्या मिळून चालवतात, ३४ बंदरं घेते, जाऊन-येऊन बारा दिवस. काही ठिकाणी पंधरा मिनिटंच थांबते, पण माल उतरतो, गावची माणसं चढतात-उतरतात. फक्त एका टप्प्याचंही तिकीट मिळतं. तो प्रवास मला कुठल्याही क्रूझपेक्षा जवळचा वाटतो.

निळाई

सेंट किल्डाबद्दल एक सावधगिरी. आम्ही दुसऱ्या एका कंपनीबरोबर गेलो होतो आणि उतरता आलं नाही. आग्नेयेचा वारा असला की गावाच्या खाडीत थेट लाटा येतात आणि होडी धक्क्याला लागत नाही. वाईट याचं वाटलं की कंपनीने पर्याय काहीच ठेवला नव्हता, दिवसभर जहाज नुसतं चालत राहिलं. निघण्याआधी दोन प्रश्न विचारा: उतरता आलं नाही तर काय करणार, आणि वेळापत्रकात एखादा मोकळा दिवस आहे का. जहाजावरून का होईना, तिथल्याच बोरेरे बेटाभोवतीचे कडे मात्र बघायला मिळाले. गॅनेट पक्ष्यांनी ते काळे कडे वरपासून पांढरे झालेले आहेत आणि आवाज एवढा की शेजारच्याशी बोलता येत नाही.

कोकणकडा

सगळ्यांचे आभार. शेवटचे दोन प्रश्न. आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. आणि महिना कोणता?

अबोली

आरक्षण करतानाच लेखी कळवा, "व्हेज" एवढंच न लिहिता काय चालतं ते लिहा: दूध, दही, चीज, डाळी, कडधान्यं. लहान जहाजाचं स्वयंपाकघर लहान असतं आणि निघाल्यावर डाळ-तांदूळ मिळायचं दुकान वाटेत नाही. कळवलेलं असलं तर मनापासून करतात. आमच्याबरोबरच्या एका गुजराती काकूंना आचारी रोज संध्याकाळी येऊन उद्याचं विचारून जायचा. तरी मेतकूट, चटणी, खाकरे जवळ असू द्या. आणि बोट लागू नये म्हणून गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. हेब्रिडीज सोडल्यावर लहान जहाज चांगलंच डोलतं. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली तर कमी त्रास होतो, आणि ती स्वस्तही असते.

महिना जून. पफिन ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रात निघून जातात, त्यामुळे त्यानंतर गेलात तर कडे सुने मिळतील. शेटलंडच्या मूसा बेटावर लोहयुगातला दगडी मनोरा आहे, तेरा मीटर उंच, चुना-माती न वापरता रचलेला. त्याच्या भिंतींच्या फटींत स्टॉर्म पेट्रेल हे चिमणीएवढे समुद्रपक्षी घरटी करतात आणि फक्त रात्री येतात-जातात. ते बघायचे तर जून किंवा जुलैचा पहिला पंधरवडा. तुमच्या जहाजाने रात्रीची फेरी ठेवली असेल तर आईंना सोबत न्या. धक्क्यापासून मनोऱ्यापर्यंतची वाट किनाऱ्याने जाते, चढ फारसा नाही, आणि काठी असली की जमेल.